आई, त्याला सांग

"आई, त्याला सांग, त्याच्या बाजूचं टोक आणखी वर घे."

थोरल्याचं हे सकाळपासूनचं नववं सांगणं. ज्याला सांगायचं तो धाकटा त्याच पत्र्याच्या पट्टीचं दुसरं टोक डोक्यावर तोलून शेजारच्या शिडीवर उभा होता. दोघांमध्ये अंतर किती, तर हात लांबवला असता तर एकाला दुसऱ्याच्या खिशातला रुमाल काढता आला असता. तरी मध्ये आई लागत होती.

तळघराच्या बरोबर मध्यावर, फरशीवर मारलेल्या खडूच्या रेघेशेजारी, म्हातारी प्लास्टिकच्या खुर्चीत बसली होती. तिने मान वर करून आधी थोरल्याकडे पाहिलं, मग धाकट्याकडे.

"मी काय टपाल आहे का रे?" ती म्हणाली. "त्याला कान नाहीत, की तुला लाज नाही?"

थोरला छताकडे बघत राहिला. कुणी काही न सांगता धाकट्याने आपलं टोक बोटभर वर घेतलं, अगदी हवं होतं तेवढंच, आणि ड्रिल सुरू केलं. सिमेंटची पूड त्याच्या भुवयांवर बसली.

म्हातारीच्या डोक्यात तिडीक गेली. पन्नाशीला टेकलेला हा सुतार. गिऱ्हाइकाशी तासभर गोड बोलेल, लाकडाच्या व्यापाऱ्याशी घसा बसेस्तोवर भांडेल, शेजाऱ्याच्या कुत्र्याचीसुद्धा रोज सकाळी विचारपूस करेल. आणि पाठच्या भावाला 'वर घे' एवढं म्हणायला याची जीभ टाळूला चिकटते. लहानपणी हा बोलायला उशिरा लागला होता. चार वर्षांचा होईपर्यंत नुसती बोटं दाखवायचा. तेव्हा तिने जीव टांगणीला लावून घेतला होता. आता वाटत होतं, उगाच लावला.

धाकट्याचंही तिला कौतुक नव्हतं. पण तो निदान निरोप पाठवत नव्हता. तो गप्प राहून काम करायचा, आणि त्याचं गप्प राहणंसुद्धा थोरल्याच्या बोलण्याइतकंच लांब ऐकू जायचं.

धाकट्याचा धंदाच हा. पत्र्याचे सांगाडे उभे करायचे, त्यांवर बोर्ड मारून आडभिंती नि छतं बनवायची. थोरल्याला तळघर दुभागणारी ही भिंत लाकडी चौकटीची हवी होती. "पत्र्याची कसली भिंत? डबा होईल डबा," असं तो आईला म्हणाला होता आणि आईने ते धाकट्याला जसंच्या तसं पोचवलं होतं, एक डबा कमी करून. धाकट्याने आईला सांगितलं की तळघराला ओल आहे, लाकूड दोन वर्षांत फुगेल आणि तिसऱ्या वर्षी कुजेल. आईने ते थोरल्याला सांगितलं. थोरला काही बोलला नाही, म्हणजे त्याला पटलं होतं.

मग आज सकाळी आठला दोघं उतरले. थोरला त्याच्या स्वयंपाकघरातल्या जिन्याने, धाकटा वरच्या मजल्यावरून बाहेर पडून अंगणातल्या पायऱ्यांनी. दोरीचं एक टोक एकाने धरलं, दुसरं दुसऱ्याने, आणि रेघ पडली. रेघेवर धाकट्याने आधी फोमची पट्टी अंथरली, तिच्यावर पत्र्याची पन्हळीसारखी पट्टी ठेवली, भोकं पाडली, गुल्ल्या ठोकल्या, स्क्रू आवळले. मग ओळंबा सोडून खालची रेघ छतावर नेली. काम बघत राहावं असं होतं. एकाचा हात पुढे आला की दुसरा त्यात नेमकी हवी ती वस्तू ठेवत होता. नुसते हात पाहिले असते तर कुणी म्हटलं नसतं की या दोघांचं बोलणं दोन वर्षांपासून बंद आहे.

या तळघरात म्हातारीने तीस वर्षं शाळेचे गणवेश शिवले होते. आधी एक मशीन, मग तीन, शेवटी सहा. अक्षरं जुळवून वाचायला तिला अजून वेळ लागायचा, पण टेपवरचा आकडा ती दहा पावलांवरून ओळखायची. वरचे दोन्ही मजले या तळघरातून उभे राहिले होते. आणि आता ती तिथेच बसून त्याचे दोन तुकडे होताना बघत होती. तिनेच सांगितलं होतं ते करायला.

दोन वर्षांपूर्वी थोरल्याने एक ओली फळी वाळायला म्हणून अंगणातल्या पायऱ्यांवर आडवी टाकली. धाकट्याची मुलगी बापाला जेवायला बोलवायला धावत आली, फळीला अडखळली आणि तोंडावर पडली. पुढचा दात तुटला. धाकटा तिला उचलून घेऊन आला तेव्हा तिच्या फ्रॉकवर हनुवटीपासून पोटापर्यंत रक्त होतं. आणि थोरला म्हणाला, "दुधाचा दात आहे. तसाही पडणारच होता."

त्यानंतर काय काय बोललं गेलं ते म्हातारीला आठवायचं नव्हतं. शेजारी गच्चीवर आले होते, एवढं पुरे. तिने दोघांना समोर उभं केलं आणि निकाल देण्याऐवजी अट घातली. "ज्याची चूक असेल तो आधी बोलेल. जो आधी बोलेल त्याचीच चूक, असं मी धरेन. मग माझ्याशी गाठ आहे."

तिला वाटलं होतं, आठ दिवसांत एक जण वाकेल. पण तिचा शब्द कसा असतो हे त्या दोघांना लहानपणापासून माहीत होतं. स्वतःच्या सख्ख्या बहिणीला ती एकदा 'माझा उंबरा चढू नकोस' म्हणाली होती. बहीण तो पुन्हा चढली नाही, आणि म्हातारी तिच्या दारात गेली ती एकदम अकरा वर्षांनी, तिची तिरडी उचलायच्या वेळी. ही दोन्ही पोरं तेव्हा तिच्या मागे उभी होती.

आठ दिवस गेले, महिने गेले. तळघरात एकाच्या फळ्या आणि दुसऱ्याचे बोर्ड एकमेकांवर पडलेले, कुणी कुणाला 'सरकव' म्हणेना. गेल्या महिन्यात तिचा संयम संपला. "भिंत घाला एकदाची," ती म्हणाली, "मधोमध." हे ती बोलली ते एवढ्यासाठीच, की ते ऐकल्यावर एक तरी पोरगा म्हणेल, नको आई. एवढे दोन शब्द ऐकायला ती टपून बसली होती. थोरला खाली मान घालून जेवत राहिला. धाकटा दुसऱ्या दिवशी टेप घेऊन हजर झाला.

म्हणून आज ती खुर्ची घेऊन खाली आली होती. शेवटचा बोर्ड लागेपर्यंत वेळ होता. तेवढ्यात कुणीतरी 'नको' म्हटलं पाहिजे होतं. आपण होऊन म्हणायचं तिच्या जिभेवर येत नव्हतं.

दुपारपर्यंत उभे दांडे लागले. धाकटा कात्रीने पत्रा कापायचा, दांडा खालच्या-वरच्या पट्टीत तिरका घालायचा आणि पिळून सरळ करायचा. टक् असा आवाज यायचा आणि दांडा बसायचा.

"आई, त्याला सांग, माप कमी पडतंय. वर फट दिसतेय."

"फट ठेवायचीच असते," धाकट्याच्या आधी तीच म्हणाली. "छत वरून दाबलं तर दांड्याने वाकू नये म्हणून. एवढं मला कळतं, सुताराला कळत नाही."

धाकट्याच्या ओठाचा एक कोपरा हलला. थोरल्याने तो हललेला बघितला आणि पटकन पाठ फिरवली. म्हातारीला वाटलं, राग आला असेल.

जेवणं झाली, एक खाली, एक वर. म्हातारी थोरल्याकडे जेवली. मग बोर्ड लागायला सुरुवात झाली. थोरला बोर्ड पायाने उचलून धरत होता, धाकटा स्क्रू मारत होता. सहा दांड्यांची बाजू झाकली गेली तेव्हा म्हातारी उठली, बोर्डाजवळ गेली आणि स्क्रूंच्या डोक्यांवरून बोट फिरवत वर गेली. मग खाली आली.

"हे काय आहे?"

"काय आई?"

"एका वितीवर एक स्क्रू मारतात. तूच सांगितलं होतंस. इथे हातभर अंतर आहे."

"चालतं गं," धाकटा म्हणाला, तिच्याकडे न बघता.

"दुसऱ्याच्या घरी चाललं असतं?"

"घरचंच तर आहे."

"घरचं म्हणून कच्चं?" तिचा आवाज चढला. "मी तीस वर्षांत एका पोराच्या चड्डीला कच्चा टाका सोडला नाही, आणि माझ्याच घरात तू धावदोरा घालतोस? आणि तू रे, तू सुतार ना? तुला डोळे आहेत ना?"

थोरल्याने घसा साफ केला. "आई, त्याला सांग, थोडे जास्त मार म्हणावं."

तेव्हा मात्र तिचं डोकंच फिरलं. पायाशी पडलेला स्क्रूंचा डबा तिने पायानेच ढकलला. डबा कलंडला, स्क्रू फरशीभर पसरले. "आता एक अक्षर पोचवणार नाही मी," ती म्हणाली. "मरा तिकडे मुक्यानेच." आणि ती जिना चढू लागली.

जिना सतरा पायऱ्यांचा. गुडघ्यांमुळे तिला मध्ये दोनदा थांबावं लागायचं. वरचं दार तिने ढकललं, ते मागे येऊन लागलं, पण ती अजून आत गेली नव्हती. कठड्याला धरून ती शेवटच्या पायरीवर श्वास घेत उभी होती. खालून दिसणार नाही अशी.

खाली थोडा वेळ स्क्रू गोळा केल्याचा आवाज आला. मग धाकट्याचा.

"दादा, तुझ्या पायाखाली बघ. दोन-चार तिथेही आहेत."

म्हातारीचा हात कठड्यावर घट्ट झाला.

"चिडली रे," थोरला म्हणाला. "खरंच जास्त मारायचे का?"

"नको. काढताना बोर्ड फुटेल. आहेत तेवढे बस झाले."

"सांध्यांचं काय?"

"वरून नुसती कागदी पट्टी लावू. दिसायला बरं. आत काही भरत नाही."

"आणि काढायचं म्हटलं तर किती वेळ लागेल?"

"आपण दोघं असलो तर अर्धा दिवस. दांडे सगळे परत वापरता येतील. म्हणून तर तुला म्हटलं, लाकूड नको, पत्रा घे."

"तू मला कुठे म्हटलंस? आईने मला म्हटलं," थोरला म्हणाला, आणि दोघं हसले. जोरात नव्हे. जुनी, रोजची सवय असावी तसे. हसताना थोरल्याला नेहमी येतो तसा ठसका आला, आणि पाठीवर थाप मारल्याचा आवाज आला.

मग थोरला म्हणाला, "राहू दे. आई आहे तोवर राहू दे. नंतर काढू."

"हं," धाकटा म्हणाला. "ड्रिल दे इकडे."

'नंतर काढू' हे थोरला इतक्या साध्या आवाजात बोलला, जसं पाहुणे गेल्यावर जादाची गादी उचलू म्हणावं. त्यात राग नव्हता, शाप नव्हता. तिच्या मरणाचा दिवस त्यांनी कामाच्या यादीत नुसता एका ओळीवर लिहून ठेवला होता.

ती स्वयंपाकघरात आली. थोरली सून ओट्याशी मटार सोलत होती. म्हातारी स्टुलावर बसली. परातीतली एक शेंग तिने उचलली, सोलली, दाणे सालांत टाकले आणि साल दाण्यांत.

"हे दोघं बोलतात," ती म्हणाली.

सुनेचा अंगठा शेंगेत तसाच राहिला.

"कधीपासून?"

सुनेने एकदा जिन्याच्या दाराकडे पाहिलं. "तुमच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं ना आई, तेव्हापासून. बाहेर एकाच बाकावर चार तास बसले होते. आत काय झालंय ते कुणी सांगेना. मग काय करणार?"

"म्हणजे सव्वा वर्ष."

सुनेने पुढची शेंग उचलली.

"वरच्यांना माहीत आहे?"

"हो."

"पोरीला?"

"ती तर..." सून अडखळली, पण आता थांबून उपयोग नव्हता. "ती रोज यांच्याच स्कूटरवर शाळेत जाते. कोपऱ्यावरून बसते. खिडकीतून तुम्हाला दिसायला नको म्हणून."

म्हातारीने डोळे मिटले. रोज सकाळी खिडकीत उभी राहून ती पोरीला चालत जाताना बघायची, आणि मनात धाकट्या सुनेला बोल लावायची, की एवढ्याशा पोरीला एकटी कशी सोडते. आणि कोपऱ्यापलीकडे पोरीचा काका स्कूटर चालू ठेवून उभा असायचा. सव्वा वर्ष. घरातली पाच माणसं रोज सकाळ-संध्याकाळ एवढा खटाटोप करत होती, आणि तिला वाटत होतं की या घरातलं पान तिच्याशिवाय हलत नाही.

"आणि मला कुणी सांगितलं नाही."

"तुम्हाला कोण सांगणार, आई?" सून म्हणाली.

तिने ते टोमणा म्हणून म्हटलं असतं तर म्हातारीकडे दहा उत्तरं तयार होती. पण सुनेने ते नळाला पाणी नाही म्हणावं तसं म्हटलं, आणि सालांतले दाणे वेचायला लागली.

म्हातारी उठली. राग अजून तसाच होता, उलट जास्तच होता. फक्त तो आता नेमका कुणावर काढायचा हे तिला लगेच कळेना. पदर खोचून तिने जिन्याचं दार उघडलं. या वेळी ती मध्ये थांबली नाही. तिसऱ्या पायरीवर तिचं पाऊल वाजलं तसं खालचं बोलणं कात्रीने कापल्यासारखं तुटलं.

तळघरात आता भिंतीची एकच जागा उघडी राहिली होती, एका बोर्डाची. दांड्यांच्या पलीकडे धाकटा उभा होता, अलीकडे थोरला. दोघांच्या माना खाली. धाकटा टेप उगाच ओढत होता आणि सोडत होता. म्हातारी खुर्चीपाशी गेली. बसली नाही. खुर्ची उचलून तिने जिन्याखाली नेऊन ठेवली आणि रिकाम्या हातांनी परत आली.

थोरल्याने शेवटच्या बोर्डाला हात घातला.

"आई, त्याला सांग..."

"काय सांगू?"

तिचा आवाज इतका हळू होता की थोरल्याने वळून बघितलं. ती एवढ्या हळू कधीच बोलत नसे.

"त्याला सांग, की... पलीकडून धर म्हणावं."

धाकट्याने टेप सोडला. तो सर्रकन परत डबीत गेला. म्हातारीने थोरल्याच्या तोंडाकडे पाहिलं. कानांशी केस पांढरे झाले होते, आणि भुवया मात्र चार वर्षांच्या पोराच्या होत्या, बोट दाखवून आता आई काय करते ते बघणाऱ्या.  

"चूक तुझी होती," ती म्हणाली.

"आई..."

"मध्ये बोलू नकोस. फळी तू टाकलीस आणि जीभही तूच सोडलीस. पोरीच्या तोंडातून रक्त गळत होतं आणि तू दुधाचा दात म्हणालास. चूक तुझी होती. हे मला त्याच दिवशी माहीत होतं, आणि तेव्हाच सांगायला पाहिजे होतं. ते आज सांगितलं. आता कुणी आधी बोललं नि कुणी नंतर, त्याला काही अर्थ उरला नाही. त्याला काय सांगायचं ते तुझ्या तोंडाने सांग. आणि ही भिंत मी जिवंत असताना काढायची हिंमत असेल तर आत्ता काढ. नसेल, तर एका वितीवर एक स्क्रू मार."